जुनी कॅम्पर बंद पडते तेव्हा

आजची गाडी सत्तरच्या दशकातली फोक्सवॅगन टाइप 2 कॅम्पर, कार्ब्युरेटरवाली. इंजिन मागे, हवेनं थंड होणारं.

इंजिन बंद पडतंय? मी सगळ्यात आधी पेट्रोलचे पाइप बघतो. रबर कडक झालं, चिरा पडल्या की पेट्रोल थेट गरम इंजिनवर. आणि त्याचं केसिंग मॅग्नेशियम मिश्रधातूचं. एकदा पेटलं की विझता विझत नाही. पाइप ठीक असतील तरच पुढे.

आता बघा, बंद कसं पडतं.

स्विच दाबल्यासारखं झटक्यात? मग करंट. कॉइलच्या वायरी आणि पॉइंटचा गॅप तपासा, साधारण 0.4 मिमी.

चालत्या गाडीत आचके देत? पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर, पंप बघा.

फक्त सिग्नलला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर? कार्ब्युरेटरवरचा आयडल कट-ऑफ सोलेनॉइड. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज येतो, तरी तेच? मग मॅनिफोल्डच्या रबरी जोडातून हवा शिरतेय का बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार पार्ट एकदम बदलले, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणारच नाही.