एका सालचे दोन जन्म
ज्या १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने केंद्र सरकारने क्रीडाविभाग उघडला, त्याच साली २६ ऑगस्टला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढे १९८५ च्या आंतरराष्ट्रीय युवकवर्षात त्या विभागास युवकांचा कारभार जोडला गेला आणि २००० साली त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले. क्रीडा हा विषय मात्र घटनेने राज्यांच्या सूचीत घातला असल्यामुळे दिल्लीच्या या दफ्तराचा हात गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशात पोहोचला, तो बव्हंशी त्याच्याच अखत्यारीतील नेहरू युवा केंद्रामार्फत; त्या केंद्राच्याच युवक-विनिमय कार्यक्रमातून गडचिरोलीचे आदिवासी तरुण दूरची शहरे पाहून आले (खर्च मात्र केंद्रीय गृहखात्याचा, हे ध्यानात ठेवण्याजोगे!). २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, त्या मोहिमेमागे तर राज्याचा आदिवासी विकास विभाग होता.