जिलाबंदी आणि गावची पांढरी

मराठवाड्यातील भोकरचा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे इंग्रजांचा कलेक्टर येथे कधी बसला नाही. परंतु १८५३ साली कंटिन्जंट फौजेच्या कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले, त्याच वर्षी पहिले सालारजंग निजामाचे दिवाण झाले, आणि रिता खजिना व रेसिडेन्सीचा तगादा या पेचातून त्यांनी जो कारभार उभारला त्याचा साचा बहुतांशी इंग्रजी मुलखातलाच होता. सावकार आणि अरब जमादार यांना मक्त्याने महसूल देण्याची रयतेचे रक्त शोषणारी पद्धत त्यांनी मोडली, हे त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. १८६५ च्या जिलाबंदीने, म्हणजे मुलखाच्या जिल्हावार मांडणीने, अव्वल तालुकदार या जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारापासून तहसीलदारापर्यंत पगारी अंमलदारांची उतरंड रचली गेली. देशमुख-देशपांड्यांना रोख रुसूम ठरवून वसुलीतून बाजूस सारण्यात आले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक खातेदाराचा संबंध थेट सरकारशी जोडला गेला.

या बदलात गावाचे जे गेले ते मला फार मोलाचे वाटते. मराठी मुलखात वतनाचा अथवा शिवेचा कज्जा उपस्थित झाला की गोतसभा बसे. पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही साक्षीस येत, आणि निवाड्याच्या महजरावर ज्याच्या-त्याच्या व्यवसायाची निशाणी उमटे: कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. त्या सभेत स्त्रियांना स्थान नव्हते, महाराची निशाणी कागदावर असली तरी त्याची पायरी खालचीच होती. तथापि निवाडा करणारे पिढ्यानपिढ्या त्याच शिवारात राहणारे होते, आणि चुकीच्या निवाड्याचे फळ त्यांनाही भोगावे लागे. नव्या व्यवस्थेत निवाडा कचेरीत फारसी, आणि पुढे उर्दू, हुकुमाने होऊ लागला, आणि तो लिहिणारा अंमलदार पुष्कळदा मराठी न जाणणारा, बदलीवर आलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्हा व तालुका बोर्डे आली. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर रयतेने दिला, परंतु जिल्ह्याच्या बोर्डाचे अध्यक्षस्थान अव्वल तालुकदाराकडेच राहिले. गावाचा अधिकार काढून घेणाऱ्यानेच त्याला स्वराज्याचा धडा द्यावा, ही व्यवस्था लोकांच्या मनात रुजली नाही, यात नवल नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समिती अस्तित्वात येऊन रस्ते, शाळा, विहिरी यांचा विचार निवडून आलेली माणसे करू लागली. वारसाची नोंद आणि शिवेची मोजणी मात्र सरकारी दप्तराकडेच राहिली.