नाटक कंपनीतला उस्ताद : अहमदजान थिरकवाँ मराठी माणसाला आपले का वाटतात?

सोलापूर : तबला क्लासला जाणारे मूल घरी आले की ताटावर, बाकावर बोटे वाजवत सुटते, ‘धातिट धातिट धाधातिट धागे तिनाकिना’. हा दिल्ली बाजाचा कायदा. तो साथीशिवाय, स्वतंत्र तबलावादनात कसा फुलवायचा, हे महाराष्ट्राला ज्यांनी ऐकवले त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांचे नाव पहिल्या रांगेत येते. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचे.

मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. ‘थिरकवाँ’ हे आडनाव नव्हे. तबल्यावर बोटे थिरकतात म्हणून गुरूच्या वडिलांनी हे नाव दिले, असे सांगतात.

मग एवढा तबलिया नाटक कंपनीत कसा? बालगंधर्वांनी 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. कंपनी कर्जात असली तरी साथीला माणसे अव्वल हवीत, हा त्यांचा हट्ट. सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवाँ! ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा, पण वेगळ्या वळणाने. अशा वेळी तबलजीने करामत दाखवली तर गाणे मोडते. खाँसाहेबांचा ठेका मात्र गायकाला मोकळे सोडणारा होता. सोलो वादनात वादळ असणाऱ्या हातांनी इतके संयमाने वाजवावे, हे जास्त अवघड. मैफलीचे तिकीट न परवडणाऱ्यांनीही नाटकाच्या पिटात बसून हा हात ऐकला.

पुढे 1936 मध्ये ते रामपूर दरबारात गेले. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारी कलावंतांचा आधारच गेला. खाँसाहेब लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. 1970 मध्ये पद्मभूषण मिळाले. 13 जानेवारी 1976 रोजी लखनौमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांची विद्या मात्र मराठी घरांत राहिली. ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित हे नामवंत गायक-गुरू. माणिक वर्मा, राम मराठे, जितेंद्र अभिषेकी त्यांच्याकडे शिकले. पण बुवांनी तबल्याची तालीम घेतली ती थिरकवाँ यांच्याकडे. तोच तबला बुवांनी भाई गायतोंडे यांना शिकवला आणि नंतर भाईंना थेट खाँसाहेबांचीही तालीम मिळाली. भाई 2019 मध्ये गेले. त्यांच्या शिष्यांच्या हातून खाँसाहेबांचे कायदे आजही मैफलीत ऐकायला मिळतात.