४१५३०४ : कडेगावच्या पिनकोडातलं गणित

कडेगावचा पिनकोड ४१५३०४. जिल्हा सांगली, तरी पहिले तीन अंक साताऱ्याच्या ४१५००१शी जुळणारे. सांगली शहराचा पिन ४१६ने सुरू होतो. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली.

आता पत्ता विसरून नुसती संख्या पाहा. तिला २ने तीनदा भाग जातो आणि उरते ५१९१३. ही मूळ संख्या आहे. २२७पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही. (त्यापुढे तपासायची गरजच नाही, कारण २२८चा वर्ग ५१९८४ होतो.) दोन वर्गांची बेरीज म्हणून ४१५३०४ एकाच प्रकारे मांडता येते : ६०२² + २३०².

पण खरी मौज आहे ती देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या रीतीत. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४वर स्थिरावते. सहा अंकांत असा एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्थिर, आणि शिवाय एक फेरा. कडेगावचा पिन घ्या : ५४४३१० − ०१३४४५ = ५३०८६५, मग ८२९९६२, मग ७७१७२३... नवव्या वजाबाकीला ८५१७४२ येते आणि पिन फेऱ्यात सापडतो : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२.