पुण्यात भाड्याचे घर : आधी वस्ती, मग घर

आपल्या धर्मप्रांतातील तरुण-तरुणी शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्यास जाऊ लागल्याला आता बरीच वर्षे झाली. मे महिना सरत आला की धर्मग्रामातील कोणत्या ना कोणत्या घरी बॅगा भरल्या जातात, सुकी मासळी व लोणच्याच्या बरण्या बांधल्या जातात आणि 'पुण्यात कोठे राहावे?' हा प्रश्न मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात हमखास ऐकू येतो. आपल्या लोकांना वाडी राखणे ठाऊक आहे, विहिरीचे पाणी वाटून घेणे ठाऊक आहे, बांधावरून भाऊबंदांशी भांडणे व पुन्हा एकत्र येणेही ठाऊक आहे. परंतु भाड्याने राहणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांच्या अनुभवात फारशी नव्हती. त्यामुळे घर पाहावयास गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. आमच्या मते तो चौथा किंवा पाचवा प्रश्न असावा.

हे आम्ही आमच्या घरच्या अनुभवावरून शिकलो. आमची भाची परिचारिका आहे. लग्नानंतर तिला बंडगार्डन परिसरातील एका रुग्णालयात नोकरी मिळाली. तिचे पती हिंजवडीतील एका संगणक कंपनीत कामाला होते. दोघांनी वाकडला घर घेतले. घर उत्तम होते, हवेशीर होते, भाडेही आवाक्यातले होते. दलालाने ते रविवारी दुपारी दाखविले आणि तेथून रुग्णालयापर्यंतचा रस्ता त्यांनी त्याच दुपारी दुचाकीवरून पाऊण तासात कापून पाहिला. सोमवारी मात्र त्याच अंतराला दीड तास लागला. पावसात त्याहून अधिक. पाच महिन्यांनी एका रात्री तिने आईला फोन करून विचारले, "मम्मी, मी नोकरी सोडू का?" जी नोकरी मिळविण्यासाठी तिने चार वर्षे अभ्यास केला, ती रस्त्यापायी सुटण्याची वेळ आली होती.

चूक घरात नव्हती, वस्तीच्या निवडीत होती. पतीचे कार्यालय जवळ म्हणून ती वस्ती निवडली गेली. पत्नीच्या पाळ्यांचा विचार कोणी केला नाही. आम्हीही केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुण्यात ही अडचण विशेष आहे, कारण तेथील नोकऱ्या एका जागी नाहीत. संगणक कंपन्या पश्चिमेस हिंजवडीला आहेत, तशाच पूर्वेस खराडीला व आग्नेयेस मगरपट्टा-हडपसरला आहेत. कारखाने उत्तरेकडे भोसरी व चाकणला आहेत. जुनी महाविद्यालये शिवाजीनगर व डेक्कनच्या बाजूस, तर कित्येक मोठी रुग्णालये पुणे स्टेशनच्या आसपास आहेत. मध्ये मुळा-मुठा नद्या वाहतात आणि सकाळ-संध्याकाळ सारी वाहने मोजक्या पुलांवर येऊन अडकतात. मुंबईत लोहमार्ग उत्तर-दक्षिण धावतो व माणूस स्टेशन धरून घर शोधतो. वसईकराला तीच सवय असते. ती सवय पुण्यात पूर्णपणे उपयोगी पडत नाही.

म्हणून घर पाहण्यापूर्वी एक कागद घ्यावा. घरातील कोण, किती वाजता, कोठे जाणार व परत केव्हा येणार हे त्यावर लिहावे. त्यांतील ज्या व्यक्तीची वेळ सर्वांत अवघड असेल, तिच्या मार्गावर वस्ती शोधावी. रात्रपाळी करणारी परिचारिका आणि दहा वाजता कार्यालयात जाणारा मनुष्य यांत परिचारिकेचा मार्ग आधी धरावा. दोघांची कामाची ठिकाणे शहराच्या दोन टोकांना असतील, तर बरोबर मध्यबिंदू काढू नये; कारण एकाला कंपनीची बस मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. आणि तो रस्ता कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, एकदा तरी स्वतः जाऊन पाहावा. रविवारच्या दुपारी पुणे शहर फार सज्जन असते.

मेट्रोमुळे चित्र काहीसे पालटले आहे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकांना छेदतात व तेथे गाडी बदलता येते. परंतु येथेही एक सावधगिरी हवी. या प्रकल्पाचे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. पहिली गाडी धावली मार्च २०२२ मध्ये. रामवाडीपर्यंत मेट्रो पोहोचली ती मार्च २०२४ मध्ये आणि स्वारगेटपर्यंत सप्टेंबर २०२४ मध्ये. हिंजवडी-शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गाच्या तारखाही वारंवार पुढे गेल्या. 'येथे स्थानक होणार आहे' हे वाक्य घर विकत घेणाऱ्याच्या कदाचित उपयोगाचे असेल. अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. जी गाडी आज धावते, तिच्यावरच हिशेब मांडावा. शिवाय स्थानक ते घर ही पायवाट पाहावी. दहा मिनिटांची वाट सकाळी सोपी वाटते. रात्री साडेनऊला तेथे दिवे आहेत का, औषधांचे दुकान उघडे आहे का, चार माणसांची ये-जा आहे का, हे त्या वेळी उभे राहूनच कळते. मुलीला एकटीला पाठविणाऱ्या आई-वडिलांनी ही एक खेप अवश्य करावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. या गावांत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, पण नळाचे पाणी त्या वेगाने गेले नाही. पुष्कळ सोसायट्या टँकरवर जगतात. म्हणून 'पाणी चोवीस तास आहे' या उत्तरावर थांबू नये. ते नळाचे, कूपनलिकेचे की टँकरचे, आणि टँकरचा खर्च भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे विचारावे. पावसाळ्यात घर पाहणाऱ्यास टंचाई दिसत नाही. सकाळी फाटकापाशी टँकर उभा दिसला तर पहारेकऱ्याला दोन शब्द विचारावेत. तो दलालापेक्षा अधिक सांगतो.

पाण्याची शुद्धता हाही आता केवळ सोयीचा विषय राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. तेव्हा पिण्याच्या पाण्याची व्यवस्था काय आहे व टाकी केव्हा धुतली जाते, हे विचारण्यास संकोच करू नये.

पाणी नसण्याइतकेच पाणी घरात शिरणेही पाहावे लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, सहकारनगर-अरण्येश्वर परिसरातील वस्त्यांत पाणी घुसले आणि अनेकांचे प्राण गेले. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस व खडकवासल्यातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा ज्यांनी पाण्यात पाहिले, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तळमजल्याचे घर स्वस्त मिळत असेल तर ओढा किती दूर आहे ते पाहावे आणि शेजाऱ्यांच्या घरात फ्रीज विटांवर चढवून ठेवलेला आहे का, तेही पाहावे. उन्हाळ्यात घर घेणाऱ्याला ही खूण फार उपयोगी पडते.

आता एक अप्रिय विषय. फोनवर आडनाव सांगताच काही ठिकाणी क्षणभर शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो : "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" काही घरमालकांना अविवाहित मुले-मुली नको असतात, काहींना मासळीचा वास नको असतो, काहींना आणखी काही नको असते व ते तोंडाने बोलत नाहीत. आपल्या मुलांना याचे दुःख होते. ते स्वाभाविक आहे. आमचा सल्ला एवढाच की पहिल्याच फोनवर आपणहून सांगून टाकावे : आम्ही ख्रिस्ती आहोत, घरात मासे-मटण शिजते. दिवसभर फिरून सायंकाळी नकार घेण्यापेक्षा सकाळीच तो घेतलेला बरा. लपवून मिळविलेल्या घरात खिडक्या बंद करून बोंबील तळावे लागतात आणि असे घर कधीच आपले वाटत नाही. त्याच पुण्यात सर्व धर्मांच्या कुटुंबांना आनंदाने घर देणारे मालकही आहेत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

यावर उपाय म्हणून केवळ ख्रिस्ती वस्तीच शोधावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. चर्च जवळ असावे ही इच्छा योग्य आहे, परंतु त्यासाठी रोजचा दीड तास रस्त्यात घालविणे योग्य नाही. पुण्यात आपण पोरके नाही. नाना पेठेतील सिटी चर्चची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांसाठी दिली. चाकरीसाठी पुण्यास येणारे ख्रिस्ती लोक तेव्हापासूनचे आहेत. खडकी, येरवडा, पिंपरी येथेही चर्च आहेत. मराठी मिस्सा कोठे व किती वाजता होते, हे त्या त्या चर्चच्या कार्यालयात विचारावे, कारण वेळा बदलतात.

येथे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती अनेकांना ठाऊक नसते. एखाद्या धर्मग्रामात तीन महिने वास्तव्य केले, किंवा तेवढे राहण्याच्या हेतूने तेथे राहावयास गेले, की ती व्यक्ती तेथील रहिवासी धरली जाते आणि तेथील प्रमुख धर्मगुरू हे तिचेही धर्मगुरू होतात. म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू हा पाहुणा नव्हे. लग्नाचे कागदपत्र, मुलाचा बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वर्ग या सर्वांसाठी हे उपयोगी पडते. घर लागताच चर्चच्या कार्यालयात नाव नोंदवावे. आजारपणात दार ठोठावणारा पहिला मनुष्य बहुधा त्याच नोंदीमुळे येतो.

शेवटी कराराविषयी. 'अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही' असा समज सर्वत्र आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. समजा भाडे २० हजार, अनामत रक्कम एक लाख आणि मुदत अकरा महिने आहे. एकूण भाडे व अनामत रकमेवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे सहाशे रुपये होते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. हे काम आता ऑनलाइन होते. मुदत संपल्यावर मात्र घर सोडावेच लागते. अडून बसल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरण्याची वेळ येऊ शकते.

सोसायटीने 'भाडेकरू शुल्क' म्हणून भरमसाट रक्कम मागितल्यास १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवावा. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि सोसायटी ते सदनिकेच्या मालकाकडून घेते.

आमच्या भाचीचा पहिला करार नोटरीसमोर केलेला, नोंदणी नसलेला होता. घर सोडताना रंगकाम व दुरुस्तीच्या नावाखाली अनामत रकमेतून पंचवीस हजार रुपये कापले गेले. भिंतींवरचे डाग आधीचे होते, पण ताबा घेतानाचे एकही छायाचित्र नव्हते. कलम ५५ ची माहिती आम्हांला त्यानंतर झाली.

दुसरे घर त्यांनी दापोडीला घेतले. ते लहान आहे, लिफ्ट नाही आणि स्वयंपाकघरात दोघे एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत. भाची मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत येते, तेथे गाडी बदलते व बंडगार्डनला उतरते. नऊला पाळी संपली की दहाच्या सुमारास ती घरी असते. पतीला आता कंपनीच्या बसने अधिक वेळ लागतो. 'बसमध्ये झोप होते,' असे जावईबापू म्हणतात. ताबा घेताना त्यांनी प्रत्येक खोलीची, नळांची व भिंतींची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकांना पाठविली. मालक हसले व म्हणाले की असे करणारे तुम्ही पहिलेच भाडेकरू. त्या कराराचे गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा नूतनीकरण झाले.