चिखलातले वायरमन

थेरगावात केजूदेवी बंधाऱ्याकडे फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘काय ही पवनेची दशा!’ कडेला काळाकुट्ट गाळ आणि त्याचा कुबट वास. नाकाला पदर लावून आम्ही पुढं जातो. पण मैत्रिणींनो, अशा गाळात निसर्गानं चक्क वायरिंग करून ठेवलेलं असतं, असं सांगितलं तर विश्वास बसेल?

जंतू म्हटलं की आपल्याला आधी आजार आठवतो. खरं तर दही लागतं, इडलीचं पीठ फुगतं, गोबरगॅस तयार होतो ते जंतूंमुळेच. त्यांचाच एक भाऊबंद म्हणजे जिओबॅक्टर. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात १९८७ मध्ये शास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांना तो सापडला.

आपण खातो त्या अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि श्वासातला प्राणवायू ते उचलून घेतो. खोल गाळात प्राणवायू कुठला? म्हणून जिओबॅक्टर आपले इलेक्ट्रॉन मातीतल्या गंजलेल्या लोखंडाच्या कणांना देऊन टाकतो. कण लांब असला तर तो अंगातून बारीक तंतू बाहेर काढतो. या तंतूंतून वीज वाहते, हे २००५ मध्ये लव्हली आणि जेम्मा रेग्वेरा यांच्या गटानं मांडलं. तंतू किती बारीक? आपल्या केसाच्या जाडीचे वीस हजार भाग करा, त्यातला साधारण एक!

पुढचा मोठा उलगडा झाला त्यात एक मराठी आडनाव आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले निखिल मालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या तारेची रचना दाखवली. तिच्यात लोह असलेले ‘हीम’चे रेणू एकामागे एक रचलेले आहेत. डॉक्टर ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणतात ना, त्यातल्या हीमच्याच जातीचे!

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? पहिला उपयोग सफाईचा. अमेरिकेत रायफल या गावी जमिनीखालच्या पाण्यात युरेनियम मिसळलं होतं. २००२ मध्ये तिथं व्हिनेगरच्या नात्यातलं अ‍ॅसिटेट सोडून या जंतूंना खाऊ घातलं. त्यांनी विरघळलेल्या युरेनियमला इलेक्ट्रॉन दिले, तसं ते न विरघळणारं होऊन खाली बसलं. मात्र काही आठवड्यांनी दुसऱ्या जंतूंचं राज्य आलं आणि पाण्यातलं युरेनियम पुन्हा वाढू लागलं. प्लेटिंगच्या कामातलं घातक क्रोमियमही असे जंतू प्रयोगशाळेत कमी घातक रूपात आणतात. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ही गोष्ट लाखमोलाची आहे.

दुसरा उपयोग विजेचा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लघवीवर जगणाऱ्या जंतूंच्या विजेनं मुतारीतले दिवे लावून दाखवले. २०२० मध्ये जिओबॅक्टरच्या तारांच्या पातळ थरानं हवेतल्या दमटपणातून अर्ध्या व्होल्टच्या आसपास वीज दिली. मिक्सर, फ्रिज यावर चालणार नाही. अंगावर लावायच्या छोट्या उपकरणांसाठी मात्र शास्त्रज्ञांना तिच्याकडून आशा आहे.

म्हणून उद्या कुणी ‘गाळातून घरभर वीज’ म्हणत पैसे मागायला दारात आलं, तर आधी विचारा, किती वॅट? आणि कुणी ‘जंतू सोडले की नदी साफ’ म्हणालं, तर विचारा, सांडपाणी थांबलं का? रायफलला जंतूंना नेमका खुराक होता, वर पाहणीही होती. नाल्यातून रोज नवं मैलापाणी येत राहिलं, तर ते बिचारे किती पुरे पडणार?

मुलींना मात्र विज्ञान प्रदर्शनासाठी हे जरूर सुचवा. बरणीत तळ्याचा गाळ, वर पाणी. कार्बन फेल्टचा एक तुकडा गाळात पुरायचा, दुसरा वर पाण्यात ठेवायचा आणि दोन्हींना वायर जोडायची. काही दिवसांनी मल्टिमीटर लावला की काट्याला हालचाल दिसते. खिळा आणि तांब्याची पट्टी वापरू नका. मग येणारी वीज धातू झिजल्याची असते, जंतूंची नव्हे. आणि हो, गाळात हात घातल्यावर साबणानं स्वच्छ धुवायला सांगा. त्यात सगळेच जंतू काही वायरमन नसतात!