बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

1882 साली पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध झाले. स्त्रीने कसे वागावे, काय शिकावे, संसार कसा करावा हे सांगणारे पुस्तक. त्याच्या विक्रीचा पैसा पुढच्या वर्षी त्यांना इंग्लंडच्या प्रवासासाठी उपयोगी पडला. नीतीच्या पुस्तकाच्या पैशावर त्या विलायतेला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या! पुण्यात त्यावर व्हायचा तो गहजब झालाच.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे लंडनमधल्या फुलम येथला एक अनुभव होता. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आश्रय मिळे, आणि तिथल्या ख्रिस्ती मठवासी भगिनी त्यांच्याशी मायेने वागत. रमाबाईंना हेच नवल वाटले, कारण त्यांना ठाऊक असलेल्या नीतीत अशा बाईला दंड होता, माया नव्हती. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: भर दुपारी विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी बोलत राहिलेला थकलाभागला येशू.

म्हणजे त्यांचा धर्मबदल आधी नीतीच्या ओढीने झाला. श्रद्धेची सगळी कलमे मात्र त्यांनी डोळे मिटून मान्य केली नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चाले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी 1885 मध्ये सरळ कळवले. त्यांच्या शाकाहारातही सिस्टरना गर्व दिसे. पटल्याशिवाय न वाकणे हा गर्व असेल, तर तो रमाबाईंत भरपूर होता.

मग त्या भारतात परतल्या, विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू झाले, काम वाढले. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. 1907 च्या आत्मनिवेदनात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. निमित्त झाले विल्यम हॅस्लम यांच्या आत्मवृत्ताचे. कॉर्नवॉलचे हे पाद्री 1851 साली आपलेच प्रवचन देता देता व्यासपीठावरच पालटले, अशी त्यांची कथा. मी नीट वागेन, मग देव मला जवळ करील, हा हिशेबच चुकीचा. आहे तशी मी त्याच्यापुढे उभे राहायचे, त्याने आधीच जवळ केले आहे, आणि नीती त्यातून उगवते, असे त्या मानू लागल्या.

या विचाराची मला धास्तीही वाटते. तारण झाले, आता बाकी सगळे माफ, अशी पळवाट त्यातून सहज निघते; तशी काढणारे कमी नाहीत. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, पुण्याजवळच्या केडगावचा आपला आश्रम, मुक्ती मिशन, वाढवला, आणि फुलमच्या धर्तीवर कृपा सदन काढले. 1905 मध्ये मुक्तीत रडून, ओरडून प्रार्थना करणाऱ्या मुलींची लाट आली; अनेक ख्रिस्ती मंडळींनाही ती रुचली नाही.

असे देवाशी थेट बोलायचे, तर त्याचे वचनही थेट वाचायला हवे. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना कळेल असे मराठी बायबल करायला बसल्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनचे काम मुलीच करत. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.